साहेबांना सगळं समजायचं

आमच्या धुलाई विभागाच्या साहेबांना ‘सर्वाधिक संवेदनशील व्यवस्थापक’ हा पुरस्कार लागोपाठ दोन वर्षं मिळाला. तेव्हा त्यांना डाव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्यानं जेमतेम. ही गोष्ट रुग्णालयात दोघांनाच माहीत होती. साहेबांना, पण ते मान्य करायचे नाहीत. आणि मला, कारण त्यांचे सगळे फोन मीच घ्यायचे.

आमचा विभाग तळघरात. सोळा वॉर्डांच्या चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे झगे जाड कापडाच्या पिशव्यांतून आमच्याकडे यायचे. पिशवीवर वॉर्डाचा आकडा रंगवलेला. आधी निवडायची दोन टेबलं, मग माणसाच्या उंचीचे चार धुलाईचे ड्रम, मग पिळणी, मग गरम रुळाखालून इस्त्री, आणि शेवटी घडी. बावीस माणसं. या सगळ्याच्या मधोमध काचेची एक केबिन, तिच्यात मधे पुन्हा काचेचा पडदा. अलीकडे मी माझ्या नोंदवह्या घेऊन, पलीकडे साहेब.

साहेब एकोणिसाव्या वर्षी इथे रुळात चादर सरकवायला लागले आणि वर चढत चढत केबिनपर्यंत आले. दहा फुटांवरून पाहून ते सांगायचे की या चादरीची घडी दोन बोटं चुकली आहे. म्हणून त्यांना सगळे मागे ‘घडीसाहेब’ म्हणत. चादरीची घडी कोणत्या बाईनं केली, तिला ताप होता की तिचं घरी भांडण झालं होतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चुकलेली चादर उचलून ते निमूटपणे तिच्यापुढे ठेवायचे. एवढाच त्यांचा माणसांशी संवाद. त्यामुळे ड्रमांनी रोज थोडं थोडं करून त्यांचे कान खाल्ले, तरी कामात फरक पडला नाही. फक्त कोणी बोलायला लागलं की ते त्याच्या ओठांकडे टक लावून बघायला लागले, इतकंच.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर शोध लागला की कर्मचाऱ्यांना भावना असतात. शोध लागल्यावर त्यावर काहीतरी करणं भाग होतं. म्हणून मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी सगळ्या विभागप्रमुखांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता समानुभूती. सहानुभूती वेगळी आणि समानुभूती वेगळी, हे समजावण्यात पहिला अख्खा दिवस गेला. हे मला स्वयंपाकघराच्या प्रमुखांनी सांगितलं, आणि दोन्हींतला फरक त्यांनाही सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी जोड्या पाडल्या. एकानं पाच मिनिटं मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायचं. स्वयंपाकघराचे प्रमुख आमच्या साहेबांच्या वाट्याला आले. हा माणूस एरवी बोलला की भांडी थरथरतात, पण आईच्या आजारपणाचा विषय निघाला तसा आवाज खाली गेला. साहेब पुढे वाकले. कपाळाला आठ्या, डोळे समोरच्याच्या तोंडावर खिळलेले, अधूनमधून मान हलतेय. शब्द पकडायला ते जिवाच्या आकांतानं धडपडत होते. चौथ्या मिनिटाला स्वयंपाकघरप्रमुख रडायला लागले. प्रशिक्षक बाई सगळं थांबवून म्हणाल्या की असा श्रोता त्यांनी दहा वर्षांत पाहिला नाही. साहेबांना तेही ऐकू आलं नाही, पण सगळे टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर त्यांनीही वाजवल्या.

परत येताना त्यांना एक गुळगुळीत कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं: डोळ्यांत पाहा, मधे बोलू नका, मान हलवा, शेवटी म्हणा ‘समजतं मला’. साहेबांसाठी हे कार्ड म्हणजे वरदान ठरलं. इतकी वर्षं जे ते नाइलाजानं करत होते, तेच आता धोरण झालं होतं. उत्तर काय द्यायचं हा त्यांचा मोठा प्रश्न होता, तोही छापील सुटला.

आठवडाभरातच लोक केबिनमध्ये येऊन बसायला लागले. आधी चाचपडत, मग रांगेनं. साहेब खुर्ची पुढे ओढायचे, ओठांकडे बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “समजतं मला.” माणूस हलका होऊन बाहेर पडायचा. तळघरात बातमी पसरली की साहेब बदलले, साहेबांना आता मन कळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे साहेबांच्या कानावर घातलेलं कधीच बाहेर फुटत नाही. ते फुटणार कुठून?

कधी गडबडही व्हायची. ड्रमवाले काका एकदा आजोबा झाल्याचं सांगायला आले. आनंदानं त्यांना शब्द फुटत नव्हते, डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनी पाणी पाहिलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात म्हणाले की वेळ जाऊ द्या, सगळं विसरायला होतं. काका बाहेर येऊन बराच वेळ ड्रमपाशी उभे राहिले. मग म्हणाले की साहेबांचं बोलणं लगेच उमगत नाही, पण खोल असतं. आपल्या जावयाबद्दल साहेबांना काहीतरी दिसलं असावं, असंही त्यांनी ठरवून टाकलं. मी काचेपलीकडे वहीत डोकं घालून बसले होते.

मनुष्यबळवाल्या मॅडम खूश झाल्या. त्यांनी भिंतीवर भावफलक लावून दिला. रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या नावापुढे एक चेहरा चिकटवायचा, हसरा, सरळ किंवा पडलेला. पडलेला चेहरा लावला की तीन पानी फॉर्म भरावा लागे, त्यामुळे आमचा विभाग बारा महिने हसरा असायचा. दर तिमाहीला एक प्रश्नावली यायची. ‘माझे वरिष्ठ माझ्या भावना समजून घेतात’ या वाक्यासमोर एक ते पाचपैकी आकडा लिहायचा. साहेबांची सरासरी चार पूर्णांक आठ आली. हृदयरोग विभागाच्या प्रमुखांना दोन पूर्णांक एक मिळाले होते आणि त्यांना आमच्या साहेबांकडे शिकायला पाठवलं. ते तासभर बसले, बोलले, समाधानानं गेले.

तुम्ही विचाराल की मी गप्प का बसले. मला काय, बरं चाललं होतं. चुकलेली चादर निमूट पुढे ठेवणाऱ्या साहेबांपेक्षा मान हलवणारे साहेब बरे. लोक आनंदी, मॅडम आनंदी, फोन माझ्याकडे. कशाला उगीच वाकड्यात शिरायचं, असा माझा हिशेब होता.

घरी मात्र कार्ड चाललं नाही. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिकवतात. चाळीस मुलांवर ओरडायची सवय, त्यामुळे त्यांचं बोलणं साहेबांना पुष्कळसं कळायचं. त्यातून तोंड समोर असेल तर प्रश्नच नाही. पण एका रविवारी सकाळी वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की ताईंचा फोन आला होता, न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलंय. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “छान झालाय.”

वहिनी वळल्या. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, यावेळी तोंडासमोर येऊन. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ताईंना दवाखान्यात भेटल्यावर तिथूनच वहिनी साहेबांचा हात धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी आलेख काढला. तो पाहून वहिनींनी विचारलं, हे किती वर्षांपासून असेल? डॉक्टर म्हणाले, आठ-दहा तरी. त्यावर वहिनी काय म्हणाल्या ते त्यांनीच मला नंतर सांगितलं: “म्हणजे दहा वर्षं हा माणूस माझं सगळं ऐकतो असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.”

पंधरा दिवसांनी साहेब दोन्ही कानांमागे कातडीच्या रंगाची यंत्रं लावून कामावर आले. केस जरा वाढवले होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. दारात पाऊल टाकलं आणि ते थबकले. इतका आवाज असतो इथे, हे बहुधा विसरूनच गेले होते. रुळाजवळच्या बायका गाणं म्हणत होत्या, तिकडे त्यांनी नवल वाटल्यासारखं पाहिलं. मग एकीनं दुसरीला सांगितलं, घडीसाहेब आले, नीट धर. साहेबांना आपलं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि मग सगळं बिघडत गेलं.

लोक नेहमीसारखे येऊन बसले आणि साहेब मधे बोलायला लागले. एकजण सांगत होता की भावाशी बोलणं बंद झालंय. साहेबांनी विचारलं, कधीपासून? कशावरून? मग तुम्ही फोन का नाही केला? तो माणूस दुखावून उठला. पिळणीवरची पोरगी रडत रडत कामाच्या पाळीबद्दल सांगत होती, तर साहेब म्हणाले, थांब, कोणत्या तारखेची पाळी, तक्ता बघू दे. ज्याला आपलं दुःख सांगावं त्यानं मधेच तारीख विचारावी, यापरता अपमान नाही. महिनाभरात बोलायला येणं जवळपास थांबलं. साहेबांच्या डोक्यात हवा गेली, असं तळघराचं मत पडलं. ज्या माणसाला काहीच ऐकू येत नव्हतं तो मनकवडा होता, आणि ऐकायला लागला तसा दगड झाला.

अशात एक दिवस मावशी केबिनमध्ये आल्या. मावशी निवडायच्या टेबलावर काम करायच्या. आलेली पिशवी टेबलावर उलटी करायची, चादरी वेगळ्या, झगे वेगळे, रक्ताचे डाग असलेले टबात, आणि कापडांत राहून गेलेल्या वस्तू बाजूला काढायच्या. चष्मे, चमचे, एकदा तर कवळी. बाई कमी बोलणारी, पन्नाशीची. त्या दिवशी रबरी हातमोजे फाटले म्हणून नवे मागायला आल्या होत्या. साहेबांनी चिठ्ठी लिहून दिली. जाता जाता दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “बाकी ते नऊ नंबरचं तसंच आहे. पण तुम्हाला माहीत आहेच.”

साहेबांनी मान वर केली. “काय नऊ नंबरचं?”

मावशी म्हणाल्या, “साहेब, चार वेळा सांगितलंय मी. याच खुर्चीत बसून. तुम्ही म्हणालात, समजतं मला.”

माझी पेन्सिल थांबली. साहेब इतक्या वर्षांच्या सवयीनं सहज म्हणू शकले असते की हो हो, आठवलं. नेहमीचं वाक्यही होतंच. त्यांनी केस मागे सारून कानामागचं यंत्र दाखवलं.

“मला ऐकू येत नव्हतं, मावशी. तुमचं एकही वाक्य मी ऐकलेलं नाही.”

मावशी खुर्चीवर बसल्या. “मला वाटलं, तुमचा काही नाइलाज असेल.”

मग त्यांनी पाचव्यांदा सांगितलं. नऊ नंबरच्या वॉर्डात त्यांची धाकटी बहीण एक्केचाळीस दिवस होती. आई लवकर गेल्यामुळे तिला मावशींनीच वाढवलं होतं. ती गेली त्या दिवशीची तिची चादर पिशवीतून मावशींच्याच टेबलावर आली, कारण विषम आकड्यांचे वॉर्ड त्यांच्याकडे असायचे. बहिणीचा तपकिरी कंगवा शेवटच्या दिवसांत हरवला होता, तो घरीही नाही, वॉर्डातही नाही. तेव्हापासून नऊ नंबरची प्रत्येक पिशवी उघडताना मावशींना वाटायचं, आज निघेल. दिवसातून दोनदा, दोन वर्षं. त्यांची मागणी एवढीच होती की नऊ नंबर दुसऱ्या टेबलावर द्यावा.

साहेबांनी मधे एकदाच विचारलं, दिवसातून दोनदा का? मावशी म्हणाल्या, सकाळी एक पिशवी येते आणि दुपारी एक. साहेबांनी मान हलवली नाही. ‘समजतं मला’ तर नाहीच नाही. ते उठले, निवडायच्या टेबलांकडे गेले आणि दुसऱ्या टेबलावरच्या बाईला सांगितलं की आजपासून नऊ नंबर तुझ्याकडे, दहा नंबर इकडे. ती म्हणाली, एवढंच ना, द्या की. भिंतीवरच्या तक्त्यात खडूनं दोन आकडे खोडून दोन लिहिले. मी घड्याळाकडे पाहिलं होतं. चार मिनिटं लागली, त्यातलं एक मिनिट खडू शोधण्यात गेलं.

परत येऊन साहेबांनी काचेचा मधला पडदा सरकवला. “आणखी कोणी काय काय सांगितलं होतं मला?”

मी वही पुढे ओढली.

“तू इथेच होतीस. तुझे कान चांगले आहेत.”

खरं होतं. मावशींचं म्हणणं मी चारही वेळा ऐकलं होतं. तिसऱ्यांदा तर कंगव्याचं ऐकून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसून मी अभ्र्यांची बेरीज पुढे चालू ठेवली होती. खडू माझ्याच खणात असायचा. साहेबांवर मी इतका वेळ हसतेय, तर हेही सांगून टाकते.

त्या दुपारी मी आठवून आठवून यादी सांगितली आणि साहेबांनी लिहून घेतली. एकोणीस बाबी निघाल्या. रुळावरच्या उंच बाईचं मनगट दुखतं, तिला आठवड्यातून दोन दिवस घडीवर हवं होतं. पिळणीवरच्या पोरीला संध्याकाळची पाळी नको होती, घरी आजारी वडील एकटे असतात. काहीजणांना नुसतं बोलायचं होतं, त्यांच्यापुढे साहेबांनी आडवी रेघ काढली.

दुसऱ्या दिवसापासून ते यादी घेऊन एकेकाकडे गेले. सुरुवात एकाच वाक्यानं: तुम्ही मला सांगितलं होतं ते मला ऐकू आलं नव्हतं, पुन्हा सांगाल का? काही हसले. दोघी चिडल्या, त्यांनी पुन्हा सांगायला साफ नकार दिला. ड्रमवाल्या काकांना सगळ्यात जास्त लागलं. दोन वर्षं ते जावयाशी जपून वागत होते. त्यांनी विचारलं, म्हणजे माझ्या जावयात काही नाही? साहेब म्हणाले की जावई आहे हेच मला आज कळतंय. काका आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग मोबाइलमधला नातवाचा फोटो दाखवायला आले.

तळघरातलं तळघरात सुटलं, ते सोपं होतं. बाकीच्यासाठी वर जावं लागलं. वाफेसाठी दुसरा पंखा हवा, पाळ्या बदलायला हव्यात, निवडायच्या टेबलावर एक जास्तीचं माणूस हवं. साहेब दर सोमवारी मॅडमच्या दालनात जाऊन बसायला लागले. मॅडम त्यांच्या डोळ्यांत पाहायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या की तुमची तळमळ पोचते आहे. साहेब विचारायचे, पंखा कधी पोचेल? भावफलकावरचे तीन पानी फॉर्म त्यांनी परस्पर बंद केले, तेव्हा एका सकाळी बावीसपैकी नऊ चेहरे पडलेले निघाले. मॅडमनी फोटो काढून वर पाठवला आणि ‘मनोबलातील चिंताजनक घसरण’ असा मथळा दिला.

त्या तिमाहीत साहेबांची सरासरी दोन पूर्णांक सात आली. त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं, त्याच प्रशिक्षक बाई. यावेळी साहेबांनी पाच मिनिटांत सात प्रश्न विचारले. शेऱ्यात लिहून आलं की श्रवणकौशल्य कमकुवत, सुधारणेला वाव आहे. शेरा साहेबांनी घरी नेला. वहिनींनी तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला म्हणे, आणि पाहुण्यांना दाखवतात.

पंखा आठ महिन्यांनी आला. उंच बाई मंगळवारी आणि शुक्रवारी घडीवर उभी राहते. जास्तीचं माणूस काही मिळालं नाही. साहेब चिडके झाले हेही खरं. ऐकू येणाऱ्या माणसाला या तळघरात चिडायला रोज काहीतरी सापडतं. आकडा पुढे तीनच्या आसपास अडकला, तो वर गेला नाही. लोक त्यांच्याकडे रडायला येत नसत, काम असलं की येत. मावशी तर तेवढ्यासाठीही येत नसत, पण रोज संध्याकाळी जाताना काचेवर बोटानं टकटक करून जायच्या. हे त्यांनी कधी सुरू केलं ते मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात साहेब निवृत्त झाले. वरच्या सभागृहात निरोप समारंभ ठेवला होता. मॅडमनी वीस मिनिटांच्या भाषणात दोन्ही पुरस्कारांचा उल्लेख तीनदा केला आणि नंतरच्या वर्षांबद्दल चकार शब्द काढला नाही. मग साहेबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, खिशातून चष्मा काढून पुन्हा आत ठेवला, आणि म्हणाले की तीन नंबरच्या ड्रमचा पट्टा या आठवड्यात बदलायला झालाय, आणि पाळ्यांचा पुढच्या महिन्याचा तक्ता अजून लागलेला नाही, लोक विचारतायत. एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, विनोद केला. टाळ्या पडल्या.

तक्ता मी दुसऱ्या दिवशी लावला. पट्ट्यासाठी मला चार वेळा वर जावं लागलं. अकराव्या दिवशी बदलला.